इंजिन जरा विचारात पडलंय

किरकोळ बिघाड असला, म्हणजे एखादी नळी तुंबली, एखादा पट्टा सैल झाला, की रूबेन स्टॉर धक्क्यावर उभा राहून होडीच्या इंजिनाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. बिघाड मोठा असला की मात्र त्याचा आवाज मऊ व्हायचा. 'आज जरा कुरकुरतंय' म्हणजे दोन दिवसांचं काम. 'जरा रुसलंय' म्हणजे नवा भाग मागवावा लागणार. हे कोष्टक त्याच्या बायकोला, थर्झाला, लग्नानंतर दोन वर्षांनी उमगलं, आणि त्यानंतरची तीस वर्षं ती नवऱ्याच्या शिव्या ऐकून निश्चिंत होत आली होती.

एकट्या रूबेनला तरी नावं का ठेवायची? सगळं स्कार्थ गाव त्यातलंच. धुराडं तुंबून माणसं खोकून बेजार झाली तरी चूल 'जरा लहरी' असायची. रूबेनचा होडीवरचा जोडीदार सिरिल तीन आठवडे अंथरुणाला खिळलेला होता. विचारलं तर म्हणायचा, पाठ जरा गाल फुगवून बसलीय. शेजारच्या नेलीचा नवरा व्हिटबीच्या एका खानावळवालीबरोबर पळून गेला त्याला चार वर्षं झाली, पण नेलीच्या लेखी त्यांचा संसार अजून 'जरा अडखळत' होता. मोडलं, संपलं, मेलं असं म्हणायची गावात पद्धतच नव्हती. तसं म्हटलं की लोक मदतीला येतात, आणि लोकांना तसदी देण्यापेक्षा मेलेलं बरं अशी या लोकांची मनापासून समजूत. थर्झा पाच मैलांवरच्या शेतवस्तीतून इथे सून म्हणून आलेली, तिला या प्रकाराचा कधीकधी भयंकर राग यायचा. पण राग आला तरी ती गप्प बसायची, म्हणजे तीही आता स्कार्थचीच झाली होती.

त्या मंगळवारी दुपारी ती बटाटे सोलत होती. फळीवर रेडिओ खरखरत होता. गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात तसा एक रेडिओ होता आणि त्याचा काटा कायम होड्यांच्या पट्ट्यावर असायचा. दर्यावरची माणसं एकमेकांशी जे बोलतील ते बायकांना घरी ऐकू यायचं. ऐकता यायचं, बोलता मात्र यायचं नाही. माणसांनाही ठाऊक असायचं, की आपण बोलतोय ते अख्खं गाव बटाटे सोलता सोलता ऐकतंय. त्यामुळे हवेवर कोणी कधी मनातलं बोलल्याचं उदाहरण नव्हतं.

वारा सकाळीच फिरून ईशान्येचा झाला होता. बाकीच्या होड्या बाराच्या आतच परतल्या. मागे राहिले दोघे: वॉल्टर, जो आता बंदराच्या तोंडाशी आला होता, आणि रूबेन. सिरिल नसल्यामुळे तो आज एकटाच गेला होता आणि शेवटचे वीस पिंजरे उचलल्याशिवाय यायला तयार नव्हता. पिंजऱ्यांत शेवंडं होती, आणि टाकून यायला रूबेनला जमत नसे.

"वॉल्टर, हॅनावरून बोलतोय," रेडिओतून रूबेनचा आवाज आला. हॅना म्हणजे त्याची होडी. "इंजिन जरा विचारात पडलंय."

थर्झाच्या हातातली सुरी थांबली.

"असं का," वॉल्टर म्हणाला. "मागे येऊ का?"

"नको, नको. कशाला उगाच. काही विशेष नाही."

"बरं. विचार झाला की कळव."

"कळवतो."

वॉल्टरने 'बरं' म्हटलं आणि तो सरळ बंदरात शिरला. दुसरं काही करणं म्हणजे रूबेनला तू खोटं बोलतोस असं सगळ्या गावासमोर म्हटल्यासारखं झालं असतं. थर्झाने रेडिओकडे पाहिलं. तिच्या कोष्टकात 'विचारात पडलंय' कुठेच बसत नव्हतं. इतका मऊ शब्द त्याने तीस वर्षांत वापरला नव्हता.

तिने उरलेले बटाटे सोलले. मग आणखी चार सोलले, ज्यांची गरज नव्हती. कपडे धुवायला काढावेत असं वाटलं, पण नवरा पाण्यावर असताना कपडे धुवायचे नसतात, तो वाहून जातो म्हणतात. तिचा त्यावर विश्वास नव्हता. तरी टोपली तिने पायानेच मागे सारली. मग तिने चहाची किटली ठेवली, उतरवली, पुन्हा ठेवली.

पंधरा मिनिटांनी रेडिओ पुन्हा बोलला. "हवा छान सुटलीय," रूबेन म्हणाला. त्याने हे कोणाला सांगितलं ते कळायला मार्ग नव्हता.

थर्झा खिडकीशी गेली. खिडकीतून उतरती गल्ली दिसायची, दोन्ही बाजूंना घरांच्या रांगा, आणि तळाशी, लाइफबोटीच्या उताराला लागून, हिरव्या दाराचं घर. ते अँब्रोजचं. अँब्रोज रूबेनचा थोरला भाऊ आणि लाइफबोटीचा, म्हणजे अडकलेल्यांना सोडवायला जाणाऱ्या गावच्या बोटीचा, कप्तान. गेली तेरा वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. पबमध्ये एक या भिंतीकडे तोंड करून बसायचा, दुसरा त्या. काही निरोप द्यायचाच झाला तर पबवाल्यामार्फत, तोही पबवाला मधेच उभा असताना.

कारण गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तेरा वर्षांपूर्वी त्यांचे वडील, म्हातारा आयझॅक, असाच ओहोटीच्या वेळी बाहेर अडकला होता. त्यानेही हवेवर सांगितलं होतं, इंजिन जरा डुलकी काढतंय, चहा उशिरा ठेवा. अँब्रोजने लाइफबोटीच्या घरात बसून ते ऐकलं, आणि बापाने मदत मागण्याची वाट पाहिली. चाळीस मिनिटं पाहिली. बापाने काही मागितलं नाही. मग अँब्रोज निघाला तेव्हा पाण्यावर चार तरंगती बुचं आणि एक वल्हं एवढंच उरलं होतं. दफनाला काही नव्हतंच. प्रार्थना संपल्यावर रूबेन भावाला एवढंच म्हणाला, तू बसून होतास. त्यानंतर बोलणं बंद.

आणि आता हा शहाणा, थर्झाला वाटलं, बापाचंच वाक्य बदलून म्हणतोय. तिला त्याचा इतका राग आला की क्षणभर भीती मागे पडली.

तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा तो आणखी मऊ होता. "चर्चचा मनोरा अगदी स्वच्छ दिसतोय इथून."

नेलीच्या घरात हे ऐकून कोणाला काही वाटलं असेल की नाही कोण जाणे. थर्झाला मात्र लगेच कळलं. चर्च गावाबाहेर, टेकाडापलीकडे होतं. रूबेनचे पिंजरे होते दक्षिणेला, तिथून चर्च सात जन्मांत दिसलं नसतं. पाण्यावरून मनोरा स्वच्छ दिसायचा तो एकाच जागेवरून: ज्या खडकांना गावात 'कंगवा' म्हणत त्यांच्या अगदी तोंडाशी. म्हणजे इंजिन केव्हाच बंद पडलं होतं, वारा आणि ओहोटी मिळून होडीला कंगव्यावर घेऊन चालली होती, आणि हा माणूस देखाव्याचं वर्णन करत होता.

ती एप्रनवरच बाहेर पडली.

अँब्रोजचं घर ऐंशी पावलांवर होतं, आणि त्या ऐंशी पावलांत अकरा खिडक्या. प्रत्येक खिडकीमागे रेडिओ आणि रेडिओजवळ एक बाई. थर्झा कुठे निघालीय हे पहिल्या तीन पावलांत सगळ्यांना कळणार होतं. न बोलावता लाइफबोट पाठवणं म्हणजे नवऱ्याला गावासमोर पोहता न येणाऱ्या पोराच्या रांगेत बसवणं. त्यात ती बोट अँब्रोजची. रूबेन सुखरूप आला तर या गोष्टीसाठी तिला माफ करेल की नाही, हे तिला माहीत नव्हतं. भावाला तेरा वर्षं केलं नव्हतं. आणि समजा इंजिन आत्ता याच मिनिटाला सुरू झालं असेल तर? समजा तो फटफट करत बंदरात शिरला आणि समोर लाइफबोट निघालेली दिसली तर? तिचे पाय मंदावले.

नेली दारात उभी होती. "इंजिन जरा खोडसाळपणा करतंय वाटतं," ती म्हणाली.

"हो, जरा."

"हवा तशी बरी आहे म्हणा."

"बरी आहे."

नेलीने तिच्या एप्रनकडे, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. स्कार्थमध्ये याहून जास्त विचारपूस करत नाहीत. पण नेली दारातून बाजूला झाली नाही आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मी तुझ्या जागी असते ना थर्झा, तर जरा भरभर चालले असते."

थर्झा धावत सुटली. अठ्ठावन्न वर्षांची बाई गल्लीतून धावतेय, हे दृश्य गावाने पहिल्यांदाच पाहिलं असेल.

दार वाजवायला तिने हात उचलला तोच ते उघडलं. अँब्रोज उंबऱ्यात होता, पायात गमबूट, अंगात पिवळा रेनकोट, टोपी हातात. घामाने कपाळ ओलं होतं. मागे त्याचा रेडिओ खरखरत होता.

"त्याने मागितलीय का मदत?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

"मी मागतेय."

अँब्रोजने डोळे मिटले, उघडले. "पंचवीस मिनिटं बूट घालून उभा आहे मी इथे," तो म्हणाला. "बाबांच्या वेळी वाट पाहिली म्हणून बोलायचं बंद केलं. आज न बोलावता गेलो असतो तर म्हणाला असता, आता माझ्यावर उपकार करायला आलास. मला सुचेना गं. कोणीतरी यावं असं वाटत होतं."

"मग आता आले ना. जा की."

तो गेला. दोन मिनिटांत लाइफबोटीच्या घरावरून इशाऱ्याचे दोन बार उडाले आणि गल्लीतली सगळी दारं एकदम उघडली. कोणाच्या तोंडात घास, कोणाच्या गालावर दाढीचा साबण. बोट उतारावरून खाली नेताना मागचा दोर बायका धरतात, ही गावची जुनी रीत. थर्झाने सगळ्यांत पुढची जागा धरली. दोराने तळहात सोलवटून निघाले तेव्हा तिला त्या दुपारी पहिल्यांदा बरं वाटलं, कारण हातांना काहीतरी काम होतं. बोट पाण्यात गेली आणि टेकाडाला वळसा घालून दिसेनाशी झाली.

आता पुन्हा करण्यासारखं काही नव्हतं. थर्झा उतारावर येरझारा घालू लागली. घरी जाऊन रेडिओ ऐकावा तर इथून पाय निघेना, इथे थांबावं तर काही कळेना. अकरा पावलं खाली, अकरा वर. कोणी जवळ आलं नाही, कोणी पाठीवर हात ठेवला नाही. ती तिथली पद्धत नव्हती. पण नेलीने आपला रेडिओ खिडकीत आणून ठेवला आणि आवाज मोठा केला. मग समोरच्या घरातून एक खिडकीत आला, मग त्याच्या शेजारचा. थोड्या वेळात सगळी गल्ली एकाच खरखरीने भरून गेली.

"हॅना," त्या सगळ्या रेडिओंतून अँब्रोजचा आवाज आला. "लाइफबोट बोलतेय. इंजिन काय म्हणतंय?"

नुसती खरखर. थर्झा थांबली. ती मनात आकडे मोजू लागली, नऊपर्यंत गेली, पुढचा आकडा आठवेना.

"अजून विचारच करतंय," रूबेन म्हणाला.

तेरा वर्षांनंतर भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य. उतारावर कोणीतरी हसलं आणि लगेच खोकून ते झाकलं.

"दोर टाकतो," अँब्रोज म्हणाला. "पकड."

"पकडतो."

दोर पहिल्याच फेकीत पोहोचला की पाचव्या, होडी खडकावर आपटली की सुटली, याबद्दल रेडिओ चकार शब्द काढेना. थर्झाने अर्धा तास स्वतःची बोटं मोडून काढली. रूबेनशी शेवटचं आपण काय बोललो होतो ते ती आठवत होती. सकाळी निघताना तिने त्याला, पायपुसण्याला बूट पूस, एवढंच सांगितलं होतं. एवढ्यावर बत्तीस वर्षं संपायची असतील तर कठीण आहे, असं तिला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले. ते तिने कोणाला दिसू दिले नाहीत.

टेकाडाच्या कडेने आधी लाइफबोट आली, मग दोर, मग बऱ्याच वेळाने दोराच्या टोकाला हॅना. तिच्या एका बाजूच्या तीन फळ्या आत गेल्या होत्या. रूबेन गुडघाभर पाण्यात उभा राहून बादलीने पाणी उपसत होता.

तो उतारावर आला तेव्हा तोंड पिठासारखं पांढरं होतं. लोकांनी वाट करून दिली. "वारा जरा उठला होता," वॉल्टर जमिनीकडे बघत म्हणाला. रूबेनने मान हलवली. लाइफबोट वर ओढली जात होती, अँब्रोज तिथे दोऱ्यांशी गुंतला होता. रूबेनने तिकडे एकदा पाहिलं आणि तो बायकोसमोर येऊन थांबला.

"यांना कोणी सांगितलं?"

"मी."

त्याच्या तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही. तो गल्ली चढू लागला, ती मागून. अकरा खिडक्यांतले रेडिओ आता बंद झाले होते.

घरात त्याने बूट पुसले नाहीत. खुर्चीत बसला. तिने चहा समोर ठेवला. त्याने चहाला हात न लावता दोन्ही हात मांडीखाली घेतले. थर्झा चुलीपाशी उभी राहिली. बोल एकदाचं काय ते, तिच्या मनात आलं. तिने उत्तर तयार ठेवलं होतं: पुन्हा असं झालं तर पुन्हा जाईन, आणि तेव्हा इतका उशीर करणार नाही.

"मी घाबरलो होतो," रूबेन म्हणाला.

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"फार घाबरलो होतो, थर्झा. नांगर धरेना. इंजिन मेलेलं, पहिल्यापासूनच मेलेलं. कंगव्याचे दगड मोजता येत होते. आणि माइक हातात होता. एक बटण दाबायचं आणि म्हणायचं, या. एवढंच. अर्धा तास हातात धरून होतो. दरवेळी बटण दाबायचो, आणि तोंडातून निघायचं, हवा छान आहे." तो थांबला. "ठरवून नाही गं. शब्दच येईना. मी बुडणार होतो आणि मला शब्द येईना."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"बाबांच्याही हातात माइक होता." त्याने कप दूर सारला. "मला वाटायचं, बाबांच्या आवाजावरून अँब्रोजला कळायला हवं होतं. पण त्यांनी मागितलंच नाही. त्यांनाही शब्द आला नसेल. तो बिचारा वाट बघत बसला, आणि मी त्याला तेरा वर्षं..."

थर्झाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस मिठाने चिकट झाले होते. तो एकदम उठला आणि अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी बाहेर पडला. कुठे जातोस म्हणून तिने विचारलं नाही.

ती खिडकीशी गेली. तो गल्ली उतरला, नेलीच्या दारावरून गेला, तळाच्या हिरव्या दारासमोर जाऊन उभा राहिला. आत दिवा लागलेला होता. पडद्यामागे अँब्रोजची सावली दिसत होती. तोही आतून दारापासून दोन हातांवर, नुसताच उभा. रूबेनने हात वर उचलला. हात दारापर्यंत गेला आणि तिथेच अडला. खाली आला. पुन्हा वर गेला.

एक मिनिट झालं, दोन झाली. सगळ्या गल्लीतले पडदे हलले आणि हलायचे थांबले. ना याला दार वाजवता येत होतं, ना त्याला उघडता.

थर्झाने खिडकी वर ढकलली, कमरेपर्यंत बाहेर वाकली आणि अख्ख्या स्कार्थला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अँब्रोज, दार उघड. तुझा भाऊ आलाय, त्याला तुझी माफी मागायचीय."